आपलाच माणूस पडतो तेव्हा

पैसे देऊन तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाला नेमके काय मिळते? बसायला जागा मिळते, तीन तास खेळ पाहायला मिळतो, आणि खेळ वाईट झाला तर नापसंती दाखविण्याचा हक्कही मिळतो, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. ह्या हक्काची सीमा कोठे येते, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. मंडळीच्या मासिकात त्याला जागा कशाला, असेही कोणी विचारील. परंतु अमेरिकेतील एका फुटबॉल संघाच्या बाबतीत २०१२ साली हा प्रश्न इतक्या उघड्यावाघड्या रूपात पुढे आला की, त्यात आपल्याही अंतःकरणाची थोडी ओळख पटावी.

प्रथम त्या खेळाविषयी दोन शब्द. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपल्या शाळांच्या मैदानांवर खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो, आणि पायांपेक्षा हातांचाच उपयोग अधिक होतो. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन करायचा. चढाई करणाऱ्या बाजूची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅक नावाच्या खेळाडूच्या हातून सुरू होते. चेंडू कोणाकडे फेकावा, कोणाच्या हाती द्यावा, की स्वतःच घेऊन धावावे, हे त्याने दोनतीन सेकंदांत ठरवायचे असते. आणि तेवढ्या अवधीत प्रतिपक्षाची सव्वाशे-दीडशे किलो वजनाची माणसे त्याला खाली पाडण्यासाठी झेपावत असतात. त्याचे पाच धिप्पाड सोबती त्याच्यापुढे भिंत करून उभे राहतात. भिंत फुटली की तो पडतो. संघ जिंकला तर श्रेयाचा मोठा वाटा त्याचा, आणि हरला तर दोषाचाही.

मिझुरी राज्यातील कॅन्सस सिटी शहराचा 'चीफ्स' हा संघ. २०१२ साली त्याच्या पाठीराख्यांची तक्रार खोटी होती, असे कोणीही म्हणू शकणार नाही. संघाने अजिंक्यपद मिळविले होते ते १९७० च्या जानेवारीत. बाद फेरीतला एखादा सामना जिंकल्यालाही अठरा वर्षे उलटून गेली होती. दरम्यान २००६ मध्ये जॅक्सन काउंटीच्या मतदारांनी संघाच्या अ‍ॅरोहेड मैदानाच्या नूतनीकरणासाठी स्वतःवर विक्रीकर लादून घेतला होता. म्हणजे तिकिटाखेरीज बाजारात घेतलेल्या प्रत्येक वस्तूबरोबरही ते ह्या संघासाठी काही ना काही देत होते. संघाचे जनरल मॅनेजर स्कॉट पिओली हे न्यू इंग्लंडच्या यशस्वी संघाच्या व्यवस्थापनातून २००९ साली मोठा लौकिक घेऊन आले, आणि येताच त्यांनी त्याच संघातून मॅट कॅसल हा क्वार्टरबॅक आणला. त्याच्याशी सहा वर्षांचा सुमारे ६ कोटी ३० लक्ष डॉलरचा करार झाला. २०१० मध्ये तो खरोखरच चांगला खेळला. संघ आपल्या गटात पहिला आला. पुढे मात्र उतरण लागली. २०१२ च्या मोसमात तर पहिल्या आठ सामन्यांच्या नियमित वेळेत हा संघ एका क्षणासाठीही आघाडीवर नव्हता. त्यात जो एकमेव सामना जिंकला, तो वाढीव वेळेत. दर रविवारी सत्तर हजार माणसांनी यावे, आणि आपला संघ घटकाभरही पुढे गेलेला पाहू नये, हे सोसायला कठीणच.

तेव्हा काही चाहत्यांनी पैसे जमवून मैदानावरून एक विमान फिरविले. त्याच्या मागे फडफडणाऱ्या फलकावर मागणी होती की, पिओली यांना काढून टाका आणि कॅसलला बाकावर बसवा. ह्यात मला काही गैर दिसत नाही. मागणी स्पष्ट होती, तिच्यात कोणाच्या देहाला इजा व्हावी अशी इच्छा नव्हती, आणि पुढे घडलेल्या गोष्टींवरून पाहता ती बरोबरही होती.

रविवार, ७ ऑक्टोबर २०१२. बाल्टिमोरच्या संघाशी सामना. शेवटच्या सत्रात प्रतिपक्षाच्या एका अवजड खेळाडूची धडक बसून कॅसल खाली पडला आणि लगेच उठला नाही. त्याच्या मेंदूला धक्का बसला होता. तो जमिनीवर पडलेला असताना त्याच्याच गावच्या प्रेक्षकांतून आनंदाच्या आरोळ्या उठल्या. सामना अवघ्या तीन गुणांनी, नऊ विरुद्ध सहा असा, हातचा गेला.

त्या दिवशी कॅसलपुढच्या भिंतीत एरिक विन्स्टन नावाचा खेळाडू उभा होता. सामना संपल्यावर कपडे बदलण्याच्या खोलीत तो वार्ताहरांपुढे उभा राहिला आणि त्याने आपला संताप मोकळा केला. त्याच्या बोलण्याचा सारांश असा: कॅसल हा सर्वोत्तम क्वार्टरबॅक नसेल, सर्वांत वाईटही नसेल, पण तो माणूस आहे. हा खेळ खेळल्यामुळे आपले आयुष्य कमी होणार हे आम्ही जाणतो, आणि ते आम्ही स्वखुशीने पत्करले आहे. परंतु आम्ही रोमच्या आखाड्यातले योद्धे नव्हेत. कोणी बेशुद्ध पडल्यावर आनंद करणे हे किळसवाणे आहे. आरोळ्या किती जणांनी मारल्या, ह्याविषयी पुढे बराच वाद झाला. आपण सर्व प्रेक्षकांविषयी बोललो नव्हतो, असा खुलासा विन्स्टननेही नंतर केला. माझ्या मते तो आकडा महत्त्वाचा नाही. थोड्यांनी केले म्हणून कृत्याचा रंग पालटत नाही. आणि थोड्यांनी केले ते सर्वांच्या माथी मारणेही बरे नव्हे.

आता चाहत्यांची बाजू ऐकली पाहिजे. ती नेहमी तीन प्रकारे मांडली जाते. पहिली, आम्ही पैसे मोजले आहेत. ह्याला उत्तर सोपे आहे. पैसे खेळ पाहण्याचे मोजले होते, खेळणाऱ्याच्या डोक्याचे नव्हे. दुसरी, तो कोट्यधीश आहे, त्याची कीव कशाला? पगाराने माणसाचे श्रम विकत घेता येतात, कौशल्य घेता येते, त्याचे दुखणे आनंदाने पाहण्याची सवलत पगारात येत नाही. शिवाय मेंदूला बसणारा धक्का म्हणजे काय, हे २०१२ मध्ये कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. माइक वेबस्टर हा पिट्सबर्गचा नामांकित खेळाडू आपल्या कारकिर्दीची शेवटची दोन वर्षे, १९८९ आणि १९९०, ह्याच कॅन्सस सिटीच्या संघात होता. निवृत्तीनंतर त्याची स्मृती आणि सारासारबुद्धी ढासळत गेली. २००२ मध्ये तो वारला, आणि त्याच्या मेंदूच्या तपासणीतून वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी होणाऱ्या विकाराची गोष्ट जगापुढे आली.

तिसरी बाजू मात्र विचार करायला लावणारी आहे. चाहता म्हणतो, मी ओरडू नको तर काय करू? संघ माझा म्हणतात, पण त्यात माझे मत कोण विचारतो? ग्रीन बे येथील संघ सोडला तर ह्या लीगमधील संघ मूठभर श्रीमंत मालकांचे आहेत. ग्रीन बेचा संघ तेवढा १९२३ पासून सामान्य भागधारकांचा आहे. त्यांना लाभांश मिळत नाही, पण संचालक निवडण्यासाठी मत देता येते. कॅन्सस सिटीचा संघ हंट घराण्याचा. लामार हंट यांनी तो स्थापिला आणि १९६३ मध्ये ह्या शहरात आणला, आता त्यांचा मुलगा तो चालवितो. मालक आणि मॅनेजर काचेआड, उंचावर बसलेले असतात. तेथपर्यंत आवाज पोहोचत नाही, पोहोचला तरी ऐकल्याची खूण मिळत नाही. समोर, हाताच्या अंतरावर म्हणावा असा, दिसतो तो क्वार्टरबॅक. त्याला कोणी निवडले, त्याच्यापुढची भिंत कोणी कच्ची ठेवली, करार कोणी लिहिला, ही सारी माणसे अदृश्य आहेत. मग सगळ्यांचा राग एकाच दिसणाऱ्या देहावर जाऊन कोसळतो.

ही गोष्ट केवळ मैदानावरची नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. रेशनच्या दुकानात धान्य आले नाही की शिव्या खातो तो तराजू धरणारा पोऱ्या. शाळेचा निकाल खाली आला की वर्गशिक्षकाला जाब विचारला जातो. दोन वर्षे गणिताची जागा रिकामी ठेवणाऱ्याला कोणी विचारीत नाही. मंडळीतही असे घडत नाही काय? पंचकमिटीने घेतलेल्या निर्णयाचा राग पाळकाच्या उपदेशावर निघतो. राग खरा असतो, कारणही खरे असते, पण पत्ता चुकलेला असतो. तेव्हा चाहत्याच्या तिसऱ्या बाजूबद्दल मला सहानुभूती आहे. तरीही ती अपुरी पडते. ज्याला कोणी ऐकत नाही त्याने मोठ्याने ओरडावे, हे समजू शकते. पण माणूस पडल्यावर उठलेली आरोळी ही मॅनेजरला उद्देशून नव्हती.

ह्या ठिकाणी शब्बाथशाळेतला एखादा चुणचुणीत मुलगा विचारील, "पण सर, तो वाईटच खेळत होता ना?" त्याला सरळ सांगावे की, होय, वाईट खेळत होता. त्याला बदलायला हवे होते काय? होय, बहुधा हवे होते. मुलांना सद्गुण शिकविण्याच्या भरात आपण पुष्कळदा खरी तक्रार खोटी ठरवू पाहतो, आणि मग मुले आपले ऐकेनाशी होतात. अवघड मुद्दा पुढेच आहे. कॅसल नालायक ठरला असता तरी त्या आरोळीचे काय? किंबहुना, चाहते बरोबर होते म्हणूनच ती आरोळी इतकी सहज बाहेर पडली. आपण चुकत आहोत अशी ज्याला शंका असते, तो जरा हात आखडतो. आपली बाजू न्यायाची आहे अशी ज्याची खात्री असते, त्याला दुसऱ्याचे पडणे हा निकाल वाटू लागतो. जणू काही त्याच्या तक्रारीवर वरूनच शिक्कामोर्तब झाले. शत्रू पडला असता कसे वागावे, ह्याविषयी शलमोनाचे सूत्र आपल्याला बालपणापासून ठाऊक आहे. येथे तर पडलेला शत्रूही नव्हता. आपल्याच रंगाचा सदरा घातलेला आपलाच माणूस होता.

कोणी म्हणेल, दुखापतीमुळे दुसऱ्याला संधी मिळतेच की. मिळते. खुद्द कॅसलची गोष्ट पाहा. महाविद्यालयात तो राखीव खेळाडू होता, न्यू इंग्लंडमध्येही टॉम ब्रेडी ह्या विख्यात क्वार्टरबॅकच्या मागे तीन वर्षे बसून होता. २००८ च्या पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा दुखावला आणि कॅसल मैदानात उतरला; त्या मोसमात संघाने सोळांपैकी अकरा सामने जिंकले, आणि त्यामुळेच पिओली यांनी त्याला कॅन्सस सिटीला आणले. ब्रेडीला ती दुखापत ज्या संघाच्या खेळाडूशी झालेल्या टकरीत झाली, तो संघ हाच, कॅन्सस सिटीचा. दुसऱ्याच्या विपत्तीतून आपल्याला जागा मिळणे, हे जगात रोज घडते. त्यात पाप नाही. एखाद्या आजारी शिक्षकाच्या जागी कोणी नेमला जातो, तो ती नोकरी नाकारीत नाही. पण त्या शिक्षकाच्या दारावरून वाजतगाजतही जात नाही. लाभ होणे आणि हर्ष होणे ह्यांत जे अंतर आहे, तेवढ्याच जागेत माणसाची माणुसकी उभी असते.

विन्स्टनने रोमच्या आखाड्याचे नाव घेतले, ते बोलण्याच्या ओघात. परंतु त्यावरून ऑगस्टिन ह्यांनी आत्मकथनात सांगितलेली एक हकिकत आठवते. त्यांचा मित्र अलिपियस कायद्याच्या अभ्यासासाठी रोमला गेला होता. आखाड्यातल्या खुनी झुंजींचा त्याला तिटकारा होता. एके दिवशी सोबत्यांनी त्याला ओढूनच तेथे नेले. माझा देह तुम्ही न्याल, डोळे आणि मन नेऊ शकणार नाही, असे त्याने त्यांना बजावले. आणि जाऊन खरोखरच डोळे मिटून बसला. पण कोणीतरी पडले आणि हजारो कंठांतून एकच गर्जना उठली. काय झाले हे पाहण्यापुरते त्याने डोळे उघडले. मग ते मिटेनात. तोही ओरडू लागला. जो आला होता तो माणूस उरला नाही, गर्दीचा एक तुकडा झाला. पुढे तर तो आपण होऊन इतरांना घेऊन येऊ लागला. हाच अलिपियस नंतर ख्रिस्ती होऊन बिशप झाला. ऑगस्टिन ह्यांनी कान बंद करता येत नाहीत ही साधी गोष्ट फार बारकाईने टिपली आहे. अ‍ॅरोहेडवर ओरडलेली माणसे दुष्ट होती असे मी मानीत नाही. त्याच कॅसलची मोटार मैदानाबाहेरच्या रस्त्यावर उलटली असती, तर त्यांतलेच कित्येक जण धावत गेले असते, कोणी आपला कोट त्याच्या डोक्याखाली ठेवला असता.

अमेरिकेतील लोक असेच, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. इंदूरच्या वृद्ध वाचकांना तेथला सिमेंटचा 'विजय बल्ला' आठवत असेल. अजित वाडेकर यांच्या संघाने १९७१ मध्ये आधी वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकली, त्याच्या आनंदात तो उभारला गेला. तीनच वर्षांनी, १९७४ मध्ये, तोच कप्तान इंग्लंडमध्ये तिन्ही कसोट्या हरला. लॉर्ड्सवर एका डावात सारा संघ ४२ धावांत बाद झाला. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले, इंदुरात त्या बल्ल्याला डांबर फासले गेले. वाडेकरांना पुढे पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आले आणि त्यांनी खेळ सोडला. बल्ला उभारणारे हात आणि डांबर फासणारे हात अगदी तेच होते की नाही, हे सांगता येणार नाही. पण गाव तेच होते. ज्याला आपण देव्हाऱ्यात बसवितो, त्याला माणूस म्हणून हरण्याचीही मुभा राहत नाही, एवढे त्यावरून दिसते. मूर्तिपूजेविषयी आपण प्रॉटेस्टंट लोक पुष्कळ बोलतो. तिचा हा प्रकार मात्र आपल्या बोलण्यातून सुटतो.

कॅन्सस सिटीत पुढे काय झाले? कॅसलच्या जागी ब्रेडी क्विन आला. चाहत्यांना हवा होता तो बदल झाला, पण संघ हरतच राहिला. आणि तीन आठवड्यांच्या आत, २८ ऑक्टोबरच्या सामन्यात, क्विनच्याही डोक्याला मार बसून त्याला बाहेर जावे लागले. १८ नोव्हेंबरला मात्र चाहत्यांनी निराळा मार्ग धरला. व्यवस्थापनाच्या निषेधार्थ पुष्कळ जण नेहमीचा लाल रंग टाकून काळे कपडे घालून मैदानावर आले. मला हे कृत्य फार बोलके वाटते. त्यांनी घर गाठले नाही, संघ सोडला नाही. शोक करणाऱ्यांच्या वेषात येऊन ते आपल्या जागी बसले. त्या निषेधाचा रोख कोणाच्या देहाकडे नव्हता, वरच्या काचेकडे होता.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १ डिसेंबरला, ह्या संघावर एक भयंकर प्रसंग आला. त्याची येथे केवळ नोंद करतो. संघातील जोव्हन बेल्चर ह्या खेळाडूने आपल्या तान्ह्या मुलीच्या आईचा खून केला, आणि मग सरावाच्या ठिकाणी येऊन, पिओली आणि प्रशिक्षक रोमिओ क्रेनेल त्याची समजूत घालीत असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत स्वतःचा अंत केला. ह्या घटनेचा चाहत्यांच्या रागाशी संबंध जोडणे अन्यायाचे होईल, तो नव्हताच. मी ती सांगतो आहे ती एवढ्यासाठी की, ज्या मॅनेजरचे नाव विमानामागच्या फलकावर होते, तो त्या सकाळी एका हातघाईला आलेल्या माणसाशी बोलत उभा होता. फलकावर नाव मावते, माणूस मावत नाही. दुसऱ्या दिवशी सामना झाला आणि तो संघाने जिंकला. त्यानंतर क्विन जे बोलला ते खेळाविषयी नव्हते. आपण एखाद्याला "कसा आहेस?" असे विचारतो, तेव्हा आपल्याला ते खरोखर जाणून घ्यायचे असते काय, आणि कोणी आपल्याला विचारले तर आपण खरे उत्तर देतो काय, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. उपासना संपल्यावर दाराशी आपण एकमेकांचे हात हाती घेऊन हेच विचारतो, आणि उत्तर पुरते ऐकण्याआधीच पुढच्या माणसाकडे वळतो.

संघाने त्या मोसमात सोळांपैकी दोनच सामने जिंकले. मोसम संपताच क्रेनेल गेले, जानेवारी २०१३ मध्ये पिओली गेले, मार्चमध्ये कॅसललाही सोडण्यात आले. नवे प्रशिक्षक अँडी रीड आले आणि पुढच्याच मोसमात संघाने अकरा सामने जिंकले. २०२० पासून २०२४ पर्यंत तीनदा अजिंक्यपदही मिळविले. म्हणजे चाहत्यांचे निदान खरे ठरले. ७ ऑक्टोबरच्या आरोळीने मात्र ह्यातली एकही गोष्ट घडवून आणली नव्हती.

ह्याच चाहत्यांच्या काउंटीतील आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत संघाने लागोपाठ दुसऱ्यांदा अजिंक्यपद पटकावले. शहरात आनंदाला सीमा नव्हती. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २ एप्रिलला, २००६ चा तो विक्रीकर आणखी चाळीस वर्षे चालू ठेवावा काय, ह्यावर जॅक्सन काउंटीत मतदान झाले. त्यातून अ‍ॅरोहेडची दुरुस्ती आणि गावच्या बेसबॉल संघासाठी नवे मैदान होणार होते. विजयाच्या ऐन भरात लोक होय म्हणतील, अशी मालकांची अपेक्षा असावी. सुमारे ५८ टक्के मतदारांनी मतपेटीतून नाही असे उत्तर दिले.